किल्ली देणारा हात

19 मे 2024, रविवार. रात्रीचे अडीच वाजून गेले असतील. पुण्यात कल्याणीनगरच्या रस्त्यावर एका भरधाव पोर्शे गाडीनं पुढच्या मोटरसायकलला धडक दिली. मोटरसायकलवर एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघंही 24 वर्षांचे, संगणक क्षेत्रात काम करणारे, मूळचे मध्य प्रदेशचे आणि नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेले. दोघंही गेले. गाडीच्या चाकामागे 17 वर्षांचा मुलगा होता आणि बारावीचा निकाल साजरा करून तो मित्रांसोबत परतत होता.

पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन दिला आणि अपघात या विषयावर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक भडकले. तीन दिवसांत आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. मग त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, वडील, आजोबा आणि आई यांच्यावरही गुन्हे नोंदवले गेले. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुलाची निरीक्षणगृहातून सुटका केली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळानं जुलै 2025 मध्ये फेटाळली.

या सगळ्या गदारोळात निबंध गाजला. अपघाताआधीच्या चार तासांबद्दल मात्र त्या मानानं फारच कमी बोललं गेलं. म्हणून ती रात्र जरा मागे नेऊन पाहू.

ती महागडी गाडी रस्त्यावर होती, पण परिवहन विभागाकडे तिची कायम नोंदणीच झालेली नव्हती. 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं, असं विभागानंच नंतर सांगितलं. म्हणजे नोंदणी नसलेली गाडी घरातून बाहेर पडली आणि ती कोणीतरी पडू दिली. परवान्याचं वय न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली कोणीतरी दिली. एका पबच्या दारावरचा माणूस, मग दुसऱ्या पबच्या दारावरचा माणूस, यांनी त्या मुलांना आत सोडलं. कोणीतरी ऑर्डर घेतली, कोणीतरी ग्लास भरले, कोणीतरी बिल केलं. पहिल्या ठिकाणी दीड तासात 48 हजार रुपयांचं बिल झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. घरचा पगारी ड्रायव्हर गाडीतच होता आणि तरी चाक मुलाच्या हाती होतं, हेही तपासात पुढं आलं.

मोजून पाहा. धडकेच्या क्षणाआधी किमान अर्धा डझन मोठी माणसं त्या मुलाच्या वाटेत उभी होती. त्यांतल्या एकानं जरी 'नाही' म्हटलं असतं, तरी ते दोघं त्या रात्री घरी पोहोचले असते. अल्पवयीन मुलानं दारू पिऊन गाडी चालवणं हा मुलाचा गुन्हा म्हणून आपण मोजतो. पण मुलाकडे स्वतःची गाडी नसते, दारूचा परवाना नसतो आणि बहुतेक वेळा पैसेही स्वतःचे नसतात. गाडी, दारू आणि पैसे या तिन्ही गोष्टी त्याला मोठ्यांकडून मिळतात. त्यामुळे हा अपघात टाळायचा असेल, तर काम त्या मोठ्यांपाशीच सुरू करावं लागतं.

दारू शरीरात काय करते, हे आधी पाहू. आपल्याकडे त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की तो गुन्हा ठरतो. हा आकडा बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण 30 मिलिग्रॅम म्हणजे नेमकी किती दारू, हे फार थोड्यांना माहीत असतं. साधा हिशोब करू. 'बिअर म्हणजे काय दारू थोडीच' असं म्हणत पोरं जी स्ट्राँग बिअर घेतात, तिच्या 650 मिलिलीटरच्या बाटलीत 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. म्हणजे सुमारे 41 ग्रॅम. साठ किलो वजनाच्या मुलानं ती रिकाम्या पोटी पटकन संपवली, तर त्याच्या रक्तातली पातळी 100 मिलिग्रॅमच्या आसपास जाते. कायद्यानं घातलेल्या मर्यादेच्या तिप्पट, आणि तीही एकाच बाटलीत. व्हिस्कीचा 60 मिलिलीटरचा एक लार्ज पेग 50 च्या जवळ नेतो. एक क्वार्टर एकट्यानं मारली तर 150. मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत तिचा आकडा आणखी वर जातो. पोटात जेवण असेल तर चढण्याचा वेग कमी होतो, एवढंच.

उतरण्याचा वेग मात्र जवळपास ठरलेला आहे. यकृत 100 मिलिलीटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या गतीनं अल्कोहोलचा निचरा करतं आणि त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, ओकारी काढणं यांतल्या कशानंही तो वेग वाढत नाही. कॉफीनं झोप उडते, म्हणजे पिलेला माणूस जागा राहतो आणि स्वतःला शुद्धीवर आलेला समजतो. ती एक बाटली प्यायलेल्या मुलाला मर्यादेखाली यायला चार-पाच तास लागतात. रात्री बारापर्यंत प्यायचं आणि 'दोन तास बसलो, आता उतरली' म्हणत निघायचं, या हिशोबात दोन-तीन तासांची तूट आहे.

याच हिशोबाची दुसरी बाजू पुण्यात दिसली. धडक अडीचच्या सुमारास झाली आणि रक्ताचा नमुना घेतला गेला सकाळी अकराच्या आसपास. साडेआठ तासांत शरीर सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल स्वतःच संपवून टाकतं. म्हणजे नमुन्याशी कोणी काहीही केलं नसतं, तरी उशिरानं पुरावा निम्मा पुसून टाकलाच होता. अपघातानंतरचा पहिला तास म्हणूनच इतका मोलाचा असतो आणि तेवढ्यासाठीच पळून जाण्याचा, वेळ काढण्याचा मोह इतका मोठा असतो.

आता वयाकडे येऊ. तीच दारू, तोच आकडा, पण सतराव्या वर्षी धोका वेगळा असतो. अमेरिकेतल्या प्राणांतिक अपघातांच्या अभ्यासातून असं दिसलं आहे की, 16 ते 20 या वयातल्या मुलांच्या रक्तात अल्कोहोल 20 मिलिग्रॅमनं वाढलं, की एकट्याच्याच गाडीचा जीवघेणा अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त होते. 20 मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्या पेगाहूनही कमी. कारणं दोन आहेत. एक सरळ आहे: या वयात गाडी चालवण्याचा सराव नसतो. अनुभवी चालक ब्रेक आणि गिअर विचार न करता हाताळतो. नवखा मुलगा प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन करतो आणि दारू सगळ्यात आधी लक्षच खाते.

दुसरं कारण मेंदूचं आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो परिणामांचा विचार करतो आणि स्वतःला आवर घालतो, तो पक्का व्हायला विशीचं मध्य उजाडतं. शिवाय प्रयोगशाळेत, मुख्यतः उंदरांवर, झालेल्या संशोधनात दिसलं की कोवळ्या वयात दारूनं येणारी सुस्ती, झोप आणि तोल जाणं प्रौढांपेक्षा कमी जाणवतं. चाळिशीच्या माणसाला तिसऱ्या पेगला जांभया येतात आणि तो आपोआप थांबतो. पोराला तो लाल दिवा दिसतच नाही. 'मला काही चढलेली नाही' असं तो म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच चढल्यासारखं वाटत नसतं आणि धोका त्यातच आहे.

त्यात गाडीत मित्र असतात. अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणक-खेळ खेळायला दिला, काहींना एकटं असताना आणि काहींना बरोबरीचे मित्र पाहत असताना. मित्र पाहत असले की किशोरवयीन मुलं खूपच जास्त धोके घ्यायची. मोठ्या माणसांवर काही फरक पडला नाही. मुलं बिनडोक असतात असा त्याचा अर्थ नव्हे. एकटा असताना तोच मुलगा बऱ्यापैकी शहाणा वागतो. मागच्या सीटवरून 'दाब ना रे' असा आवाज आला की गणित बदलतं. दारू प्यायलेल्या चौघांची ट्रिप निघते, तेव्हा नवखा हात, कमी जाणवणारी नशा आणि पाहणारे मित्र हे सगळं एकाच गाडीत बसलेलं असतं.

पण या विषयावर पोर्शेचं सावट फार पडलं आहे. महाराष्ट्रातला खरा प्रश्न दोन चाकांचा आहे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. तालुक्याच्या गावी दहावी झाली की मोटरसायकल येते. कधी शेतावर डबा पोचवायला, कधी दूध घालायला, कधी क्लास लांब आहे म्हणून. वरातीत डीजेच्या मागे पोरं नाचतात, ट्रॅक्टरच्या आडोशाला बाटली फिरते आणि रात्री ट्रिपल सीट गावाकडे निघतात. धुळवड, 31 डिसेंबर, गावची जत्रा, मित्राचा वाढदिवस. ढाब्यावर 'बसायला' जायचं तर जाणं-येणं दुचाकीवरच होणार, कारण रात्री नऊनंतर एसटी नाही आणि रिक्षा मिळत नाही. हेल्मेट घरी असतं. अशा अपघाताची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते आणि तिच्यात कारण लिहिलेलं असतं 'भरधाव वेग'. मृताच्या रक्ताची तपासणी अनेकदा होतच नाही आणि घरच्यांनाही ती नको असते, कारण विम्याचा प्रश्न असतो, अब्रूचा प्रश्न असतो. सरकारी आकडेवारीत दारूमुळे झालेले अपघात कमी दिसतात. त्यामागे हेही एक कारण आहे.

वयाचा नियम या घरांमध्ये कोणी गंभीरपणे घेत नाही, त्याला थोडा इतिहासही आहे. 1972 साली पुण्याच्या कायनेटिकनं 50 सीसीची लुना आणली आणि पुढं कित्येक वर्षं ती गावोगाव धावली. 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते, ही तरतूद कायद्यात आजही आहे. पण तशी पेट्रोलवरची गाडी बाजारात जवळजवळ उरलीच नाही. आता घरात उभी असते ती 110, 125, 150 सीसीची. लोकांच्या मनात 'सोळाचं झालं की चालतं' एवढंच राहिलं आणि खालची गाडी बदलली.

कायदा मात्र 2019 पासून बराच कडक झाला आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 199 अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. मुलानं गाडी पालकाच्या संमतीनंच नेली असं न्यायालय गृहीत धरतं. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली होती' हे पालकाला सिद्ध करावं लागतं. बाल न्याय कायद्याचं कलम 77 मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. महाराष्ट्रात तर बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 ही वयोमर्यादा आहे. मुंबई प्रांताच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याचा वारसा म्हणून पिणाऱ्याकडे परवाना असावा, असाही नियम आहे. परवाना मागणारा बार कोणी पाहिला आहे का, हे वाचकानं स्वतःलाच विचारावं.

एवढी कलमं हाताशी असताना आपला सगळा राग जातो तो मुलाला प्रौढ ठरवण्याच्या मागणीकडे. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीत अठराव्या वर्षाला काही दिवसच बाकी असलेल्या एका मुलानं मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की, ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही, तो बाल न्याय कायद्याच्या अर्थानं 'अतिगंभीर' ठरत नाही आणि म्हणून तिथं प्रौढ म्हणून खटला चालवता येत नाही. ज्यांची मुलं गेली, त्यांचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही माझं मत असं आहे की प्रतिबंधाच्या कामी ही लढाई फारशी उपयोगाची नाही. शुक्रवारी रात्री बाटली उघडणारा सतरा वर्षांचा मुलगा कलमं वाचून बसत नाही. बारचा मालक मात्र आपला परवाना जाईल का, याचा हिशोब रोज करतो. बापही आपली गाडी वर्षभर बंद पडेल का, याचा विचार करू शकतो. ज्याला हिशोब कळतो, त्याच्यावरच शिक्षेचा धाक चालतो.

कायद्यात एक भोक मात्र खरंच आहे आणि त्याकडे कोणाचं लक्ष नाही. अठराव्या वर्षी परवाना मिळतो. त्यानंतर एकविसाव्यापर्यंत महाराष्ट्रात तो मुलगा बिअरसुद्धा कायद्यानं पिऊ शकत नाही. पण तोच एकोणीस वर्षांचा मुलगा रक्तात 25 मिलिग्रॅम अल्कोहोल घेऊन गाडी चालवताना सापडला, तर कलम 185 त्याला हात लावत नाही, कारण मर्यादा सगळ्यांना सारखीच 30 ची आहे. त्यानं पिणंच बेकायदा असेल, तर चाकामागे त्याच्यासाठी मर्यादा शून्य का नसावी? जर्मनीनं ऑगस्ट 2007 पासून 21 वर्षांखालच्या आणि नवशिक्या चालकांसाठी शून्य केली. न्यूझीलंडनं ऑगस्ट 2011 मध्ये विशीखालच्यांसाठी शून्य केली. अमेरिकेत 1998 पर्यंत सगळ्या राज्यांनी 21 खालच्यांसाठी जवळजवळ शून्याचा कायदा केला. शून्याचा फायदा असा की तिथं वाद घालायला जागा उरत नाही. 'एकच घेतली होती' हे वाक्यच कबुली ठरतं.

अमेरिकेची कहाणी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिथं एक मोठा प्रयोग नकळत झाला. 1971 साली मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. त्याच लाटेत बऱ्याच राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. व्हिएतनामच्या लढाईवर पाठवता येतं, तर बिअर का नाही, असा सवाल होता आणि तो ऐकायला रास्तच वाटायचा. काही वर्षांतच त्या राज्यांत तरुणांच्या अपघातांचे आकडे वाढले. शिवाय शेजारच्या राज्यात वय कमी असेल तर पोरं गाडी काढून सीमेपलीकडे प्यायला जायची आणि पहाटे पिऊन परतायची. त्या सीमेवरच्या रस्त्यांवर मुलं मरायची. मे 1980 मध्ये कॅलिफोर्नियात 13 वर्षांची कॅरी लाइटनर मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली गेली. तिची आई कँडी लाइटनर हिनं उभ्या केलेल्या मातांच्या संघटनेनं पुढं देशभर दबाव निर्माण केला. कॅरीला मारणारा चालक मध्यमवयीन होता. पण आंदोलनानं पिण्याच्या वयाचा मुद्दाही लावून धरला. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली: पिण्याचं वय 21 न करणाऱ्या राज्याचा महामार्गांचा केंद्रीय निधी कापला जाईल. 1988 पर्यंत सगळी राज्यं वळणावर आली. शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणात 1991 साली दारू पिऊन गाडी चालवल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण 22 टक्क्यांवर होतं, ते 2011 पर्यंत 10 टक्क्यांवर आलं.

सीमेची ही गोष्ट सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. गोव्यात पिण्याचं वय 18 आहे, दारू स्वस्त आहे आणि बारावीनंतरची गोवा ट्रिप हा आता एक संस्कारच झाला आहे. परतीचा आंबोली घाट पहाटेच्या धुक्यात असतो.

कडक शिक्षेपेक्षा सापडण्याची खात्री जास्त काम करते, हे ऑस्ट्रेलियानं दाखवलं. 17 डिसेंबर 1982 रोजी न्यू साउथ वेल्स राज्यानं रस्त्यावर कोणालाही, संशय असो वा नसो, थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली. पहिल्या वर्षातच नऊ लाखांच्या आसपास तपासण्या झाल्या. प्राणांतिक अपघात सुमारे पाचव्या हिश्शानं घटले. आपल्याकडे नाकाबंदी असते, पण ती 31 डिसेंबरला, धुळवडीला, ठरलेल्या चौकात असते. कुठं उभे आहेत हे अर्ध्या तासात व्हॉट्सअपवर फिरतं आणि पोरं गल्ल्यांतून वाट काढतात. मार्चमधल्या कुठल्याशा मंगळवारी रात्री, तालुक्याच्या ढाब्यापासून एक किलोमीटरवर पोलीस उभे दिसले, तर त्याचा परिणाम वर्षभर टिकेल. त्यासाठी लागणारं श्वासयंत्र हातात मावतं. लागतं ते मनुष्यबळ आणि सातत्य. दोन्ही गोष्टी पैशांनी आणि इच्छेनं मिळतात.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते जपानचं उदाहरण. ऑगस्ट 2006 मध्ये फुकुओका शहरात पिऊन गाडी चालवणाऱ्या 22 वर्षांच्या एका तरुणानं पुलावर दुसऱ्या गाडीला मागून धडक दिली. ती गाडी पाण्यात पडली. आत आईवडील आणि तीन लहान मुलं होती. तिन्ही मुलं बुडाली. देश हादरला. 2007 मध्ये जपाननं कायदा बदलला. प्यायलेल्याला गाडी देणारा, चालवणार आहे हे ठाऊक असताना त्याला दारू पाजणारा आणि तो प्यायला आहे हे माहीत असून त्याच्या गाडीत बसणारा, या तिघांनाही शिक्षा. गाडी देणाऱ्याला तर चालकाइतकीच. दारूमुळे होणारे प्राणांतिक अपघात काही वर्षांतच निम्म्यावर आले. बारवाले गाडीच्या किल्ल्या काउंटरवर ठेवून घेऊ लागले, सोबतचे मित्र टॅक्सी बोलवू लागले. कायद्यानं रात्रीच्या त्या साखळीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं असं एक कारण दिलं, 'नाही' म्हणायला.

आपल्याकडे पालकापुरतं ते कारण 199 अ मध्ये आहेच. पण गुन्हा नोंदवताना हे कलम किती वेळा लागतं आणि खटला शेवटपर्यंत किती वेळा जातो, हे प्रत्येक पोलीस ठाण्यानं दरवर्षी जाहीर करायला हवं. दंड भरून गाडी सोडवण्याची सोय राहते तोवर बाप तो खर्च म्हणूनच धरणार. नोंदणी वर्षभर रद्द झाली आणि अंगणातली मोटरसायकल पावसाळाभर तिथंच उभी राहिली, तर ती गोष्ट सगळ्या आळीला कळेल. बारच्या बाबतीतही तसंच. पुण्याच्या घटनेनंतर उत्पादन शुल्क विभागानं धडाक्यानं कारवाया केल्या, परवाने निलंबित केले. काही महिन्यांनी धडाका ओसरतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. दारावर आधार कार्ड पाहायला यंत्रणा लागत नाही. महिन्यातून एकदा वयानं लहान दिसणारा माणूस साध्या वेशात पाठवून पाहिलं, तरी पुरे.

आता घराकडे येऊ, कारण शेवटी किल्ली तिथल्याच खुंटीला टांगलेली असते. 'माझा मुलगा पीतच नाही' असं गृहीत धरून वागणारं घर सर्वांत असुरक्षित असतं, कारण तिथं मुलाला अडचणीत फोन करायची सोयच नसते. 1981 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड इथल्या शाळेत विद्यार्थ्यांची एक संघटना सुरू झाली आणि तिनं मुलं व पालक यांच्यात सही करायचा एक लेखी करार तयार केला. मुलानं लिहून द्यायचं की मी प्यायलो असेन किंवा चालवणारा प्यायला असेल, तर मी गाडीत बसणार नाही, फोन करीन. पालकांनी लिहून द्यायचं की कितीही वाजलेले असोत, मी न्यायला येईन किंवा गाडीची सोय करीन, आणि त्या क्षणी जाब विचारणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी.

मराठी घरात हे जसंच्या तसं चालणार नाही, हे मान्य. रात्री एक वाजता बापाला फोन करून 'मी प्यायलोय' म्हणणारा मुलगा आपल्याकडे विरळाच. बापाच्या रागाची भीती त्याला अपघाताच्या भीतीपेक्षा मोठी वाटते आणि म्हणून तो किक मारतो. पण आपल्या घरांत बापाखेरीज माणसं असतात. मामा असतो, मोठी ताई असते, काकू असते, शेजारचा दादा असतो, ज्याच्याशी पोरगं मोकळं बोलतं. त्यांतल्या एकाला आधीच सांगून ठेवावं आणि मुलालाही सांगावं, की अमक्याला फोन केलास तर तो येईल आणि आम्हाला लगेच सांगणार नाही. बापानं एवढंच कबूल करायचं की त्या माणसाला तो नंतर खोदून विचारणार नाही. शहरात ओला-उबर आहे, तर एखादं कार्ड जोडून ठेवावं आणि रात्रीच्या त्या बिलाबद्दल प्रश्न करू नये. गावात असेल तर ज्याच्या घरी वाढदिवस आहे, त्याच्या ओसरीवर पाच पोरांच्या झोपायची सोय करून ठेवायला सांगावं. वरातीच्या मांडवात नवरदेवाच्या काकानं दुचाक्यांच्या किल्ल्या एका परातीत गोळा केल्या आणि सकाळच्या चहाबरोबर परत दिल्या, तर पोरं थोडी कुरकुरतील, पण परत मागायला दोनदा येणार नाहीत.

आणि हे बोलणं पंधराव्या-सोळाव्या वर्षीच करावं, गाडी घरात येण्याआधी. अठराव्या वाढदिवसाला शोरूममध्ये पेढे वाटत असताना ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणीच नसतं.